कमळांनी भरलेलं तळं, छोटी होडी आणि मरळ: सल्ला हवा आहे

चाकरमानी_कुडाळवाला

मंडळी, गणपतीला गावी येतोय, आणि यंदा विसर्जनानंतरही थोडी सुट्टी शिल्लक राहील. गावाजवळ एक जुनं तळं आहे. नाव मुद्दाम देत नाही, समजून घ्या. निम्म्याहून जास्त पाणी कमळ आणि कुमुदिनीच्या पानांनी झाकलेलं, एका कोपऱ्यात जलपर्णी, पलीकडे पाणकणसाची भिंत. मरळ आहे यात शंका नाही. ऊन पडलं की पानांच्या मधून वर येऊन हवा घेते, आवाज काठापर्यंत ऐकू येतो. पण काठावरून गळ टाकायला जागाच नाही. एका बाजूला केवड्याची बेटं, दुसरीकडे गुडघाभर चिखल.

चुलतभावाकडे फायबरची छोटी वल्ह्याची होडी आहे, दोघं जण बसतात. अमेरिकेतले लोक अशाच गच्च वनस्पतीतून लार्जमाउथ बास हा मासा काढतात त्याचे व्हिडिओ बघून दोन रबरी फ्रॉग (बेडकासारखी आमिषं) मागवलेत. रॉड सात फुटी, मीडियम. स्पिनिंग रील, त्यावर २० पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन. एवढ्यावर भागेल का? आणि होडी पानांत घुसवायची की बाहेरच ठेवायची?

गरीवाला_दापोली

भागणार नाही. मीडियम रॉड खाडीवर वापरा, तळ्यावर नको.

मोकळ्या पाण्यात मासा पळतो, दमतो, आपण ड्रॅग (रीलचा ब्रेक) सोडून खेळवतो. पानांत ती चैन नसते. मरळीने फ्रॉग धरला की पहिल्या दोनतीन सेकंदांत तिचं तोंड वर राहिलं तर ती तुमची. तोंड फिरवून एकदा देठांत शिरली की ती तळ्याची. त्यासाठी कण्याची ताकद असलेला हेवी रॉड लागतो, टोक तेवढं जरा लवचिक, फ्रॉग टाकता यावा म्हणून. लाइन ५० पौंडी, जमल्यास ६५. मासा तेवढा मोठा असतो म्हणून नव्हे, तर माशाबरोबर तीनचार किलो पाला ओढावा लागतो म्हणून. ड्रॅग जवळजवळ बंद.

बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारी रील) असेल तर उत्तम, ७:१ च्या आसपासचा गिअर असला तर ढिली पडलेली लाइन पटकन आत येते. नसेल तर ४००० साइजची दणकट स्पिनिंग रील चालते, नवीन बेटकास्टर आणून होडीत बसून गुंता सोडवत बसण्यापेक्षा बरी.

ब्रेडेड थेट फ्रॉगला बांधा, पालोमार गाठ. मध्ये लीडर (लाइन आणि आमिषाच्या मधला वेगळा तुकडा) नको. लीडरच्या जोडगाठीत शेवाळ अडकतं आणि फ्रॉग मागे झाडू घेऊन फिरतो.

आता फ्रॉगबद्दल. दोन्ही हूक वर वळलेले आणि अंगाला चिकटून असतात, म्हणून पानांवरून सरकतो. माशाने दाबला की पोकळ अंग चेपतं आणि हूक उघडे पडतात. नवीन फ्रॉग कडक असतो. हातात घेऊन भरपूर दाबा, गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला तरी मऊ पडतो. बास तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. मरळ चावते, तिला खरे दात आहेत. त्यामुळे मरळीचे फटके वाया फार जातात. हूक पकडीने किंचित बाहेर वाकवले की लागण्याचं प्रमाण वाढतं, पाला अडकण्याचंही वाढतं. मी वाकवतो.

आणि पाणी उसळलं रे उसळलं की रॉड ओढू नका! लाइन सरकताना दिसू दे, वजन जाणवू दे, मग पूर्ण ताकदीने. पहिला फटका चुकला तर फ्रॉग तिथेच पडू द्या. बहुतेक वेळा परत येते.

बांधावरचो

मरळ गरवूक होडी कित्याक व्हयी रे? आमी बांबूची काठी आणि जिवंत बेडूक घेवन बांधावरसूनच काढायचो. तुमची रील, गिअर सगळा पुण्या-मुंबयच्या लोकांचा.

चाकरमानी_कुडाळवाला

काका, बांधावरून जमलं असतं तर हा धागाच काढला नसता. 🙂 चिखल बघितलात तर तुम्हीही होडी मागाल.

वल्हेकरी

दापोलीकरांशी साहित्याच्या बाबतीत सहमत. पण असल्या धाग्यांवर सगळी चर्चा रॉड आणि फ्रॉगवर होते, आणि मासे मात्र होडीमुळे जातात. म्हणून होडीबद्दल सविस्तर लिहितो.

फायबरची होडी ढोलकीसारखी वाजते. वल्हं काठावर आपटलं, डबा सरकला, पाय घासला, सगळं पाण्यात ऐकू जातं. तळाला गोणपाट किंवा रबरी चटई अंथरा. वल्ह्याला जिथे काठ लागतो तिथे जुनी सायकल ट्यूब गुंडाळा. आणि शेवटचं अंतर वल्ह्याने जाऊच नका. लांब बांबू घ्या, चिखलात रेटत सावकाश जा.

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जायचं. भाद्रपदात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचाच असतो. वारा पाठीवर घेतलात तर होडी आपोआप पानांवर जाऊन चढते आणि टाकायला अंतरच उरत नाही. वारा तोंडावर घेऊन, पानांच्या कडेपासून एक चांगला कास्ट दूर थांबा. थांबायचं म्हणजे खरोखर थांबायचं: तोच बांबू चिखलात रोवून होडी त्याला आखूड दोरीने बांधा. मागच्या टोकालाही दगडाचा नांगर, अलगद सोडलेला, धपकन टाकलेला नाही.

का? हलक्या होडीत बसून तुम्ही हूक मारायला रॉड खेचता तेव्हा निम्मी ताकद होडी पुढे सरकवण्यात जाते. माशाच्या जबड्यापर्यंत काही पोचतच नाही. लोक म्हणतात फ्रॉग वाईट, हूक बोथट. होडी बांधलेली नव्हती एवढंच असतं.

मग मासा लागला आणि तरीही पानांत घुसला, जे निम्म्या वेळा होणारच. इथे ओढत बसू नका. ताणलेली लाइन एका बाजूला आणि गुंडाळलेले देठ दुसऱ्या बाजूला असताना ओढाल तर हूक सरळ होतो नाहीतर ओठ फाटतो. लाइन ताणलेली ठेवा, बरोबरच्याने बांबू उपटायचा, नांगर उचलायचा, आणि होडी माशापर्यंत न्यायची. जाताना लाइन गुंडाळत जा, ढिली अजिबात पडू देऊ नका. वर पोचलात की सरळ उभ्या रेषेत ताण येतो आणि पाल्याच्या गोळ्यासकट मरळ वर येते. हाताने पाला बाजूला करा, आत मासा असतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मासा लागेपर्यंत होडी बाहेर, लागल्यावर आत. काठावरच्या माणसाला ही दुसरी अर्धी गोष्ट करताच येत नाही. होडीचा खरा फायदा तो आहे, लांब टाकायला मिळतं हा नव्हे.

दोघांपैकी एकानेच टाकायचं, दुसऱ्याने होडी सांभाळायची. आळीपाळीने. दोघांनी एकदम उभं राहायचं नाही. लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. कमळाच्या देठांत पाय अडकलेला पट्टीचा पोहणाराही बुडतो.

सुकती_भरती

वल्हेकरींना जोड: कमळ आणि कुमुदिनी यांत फरक करा. कुमुदिनीची पानं पाण्यावर सपाट पडलेली असतात, फ्रॉग त्यांवरून मस्त घसरतो, देठही मऊ. कमळाची पानं मोठी झाली की पाण्याच्या वर उभी राहतात, देठ चिवट आणि बारीक काट्यांचे. फ्रॉग त्यांच्यात टाकलात की लाइन दहा देठांवर लटकते. तेव्हा सुरुवात कुमुदिनीपासून. कमळाच्या बाजूला फक्त कडा आणि मधल्या वाटा.

पानांवर फ्रॉग चालवत आणा, पण जिथे पान संपून हातभर मोकळं पाणी आहे तिथे थांबवा. नुसतं टोक थरथरवा. फटका तिथे येतो. आणि मरळ जिथे हवा घ्यायला वर आली त्या जागेवर नेम धरून टाकू नका, पळते. पलीकडे टाकून तिथपर्यंत आणा. हवा घेतल्याशिवाय तिला चालतच नाही, नुसत्या कल्ल्यांवर ती जगत नाही, त्यामुळे त्याच टापूत परत वर येणार. वाट बघायची.

नवखा_गळेकरी

धागा मस्त चाललाय. एक बाळबोध प्रश्न. हा लार्जमाउथ बास आपल्या तळ्यात आणून सोडला तर? लोक एवढे वेडे आहेत त्याच्यामागे. पर्यटन वाढेल कोकणात.

गरीवाला_दापोली

कृपा करा. तिलापिया आला तेव्हाही असंच काहीतरी बोललं गेलं असणार. आज कुठलंही गढूळ डबकं बघा, तोच. आफ्रिकन मागूरवर देशात बंदी आहे तरी तो सापडतोच.

जपानने १९२५ साली आशी सरोवरात हा बास आणून सोडला. पुढे तो देशभर पसरला, तिथल्या छोट्या स्थानिक माशांचा फडशा पाडला आणि २००५ मध्ये त्यांनाच कायद्याने तो उपद्रवी परका ठरवावा लागला. गंमत म्हणजे जॉर्जियात १९३२ साली जॉर्ज पेरीने पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या बासच्या विक्रमाची बरोबरी झाली ती जपानच्याच बिवा सरोवरात, २००९ साली, मानाबू कुरिताकडून. विक्रम झाला, सरोवरातले स्थानिक मासे गेले ते गेलेच.

त्यांचं तंत्र घ्या की, मासा कशाला? दाट झुडपात लांब काठीने, लाइन हातात धरून, आमिष अलगद सोडायची 'फ्लिपिंग' पद्धत कॅलिफोर्नियाच्या डी थॉमसने १९७० च्या दशकात स्पर्धांमध्ये गाजवली. आपल्या जलपर्णीच्या गालिच्यावर ती जशीच्या तशी लागू पडते. टंगस्टनचं औंसभर वजन, मागे रबरी गांडूळ, हूकचं टोक गांडुळातच लपवलेलं. होडीच्या बाजूला, दहाएक फुटांवर गालिच्याला भोक पाडून सरळ खाली. फ्रॉग चालत नसेल तेव्हा करून बघा.

बांधावरचो

दहा फुटावर लांब काठीन अलगद सोडूचा. माझी बांबूची काठी आणि काय येगळा करी होती? 😄

वल्हेकरी

काका, मान्य. हरलो.

पेणचा_खारवाला

आमच्याकडे मरळीपेक्षा जिताड्याचं वेड, म्हणून थोडं विषयांतर. बासच हवा असेल तर आपला जिताडा आहेच, इंग्रजीत त्याला एशियन सी बास म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. पेण-अलिबागकडे खारभूमीतल्या तळ्यांत भरतीबरोबर आलेली पिल्लं वाढवायची जुनी पद्धत आहे, पण खरी मजा कांदळवनाच्या कडेला होडीतून.

दाट आडोसा इथेही आहे, फक्त पानांऐवजी मुळं. आणि मुळांवर कालवं, सुरीसारखी. म्हणून इथे वर सांगितलेला नियम उलटा: लीडर हवाच, ४० ते ६० पौंडी जाड मोनो (एकेरी नायलॉन). जिताड्याच्या कल्ल्याचं झाकणही धारदार असतं, नुसती ब्रेडेड त्यावर एकदा घासली की संपली.

वेळ ओहोटीची. भरतीला मासा कांदळवनात आत शिरलेला असतो, हाती लागत नाही. पाणी उतरायला लागलं की आतली कोळंबी, बोयटं छोट्या ओहळांतून खाडीत येतात आणि जिताडा ओहळाच्या तोंडाशी तोंड वासून उभा. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत ओढ जास्त आणि पाणी गढूळ, भांगाला (छोट्या भरतीला) पाणी स्वच्छ पण संथ. मला दोन्हींच्या मधले दिवस आवडतात.

होडीबद्दल एकच: ओहळात आत जाऊ नका. पाणी बघता बघता उतरतं आणि होडी चिखलावर बसते. मग पुढच्या भरतीपर्यंत डास मोजत बसा. उतरून ढकलायला गेलात तर मांडीपर्यंत रुतता.

टाकायला आड येते म्हणून फांदी तोडायची नाही. कांदळवन तोडणं गुन्हा आहे, २०१८ मध्ये उच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलंय. आणि मोठा जिताडा परत सोडा. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे थोराड असतात त्या जवळजवळ सगळ्या अंडी देणाऱ्या माद्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरच्या खालचा आणि १२० च्या वरचा ठेवता येत नाही, ते उगाच नाही.

खाडीकाठची

वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री, इथे खाडीच्या वरच्या भागात मगरी आहेत, हे लिहायचं राहिलं. होडीतून हात पाण्यात सोडून बसू नका, मासा जाळीत किंवा दोरीला बांधून होडीच्या बाजूला लटकवू नका. चिपळूणकरांना हे सांगावं लागत नाही, बाहेरून येणाऱ्यांना लागतं.

आणि मूळ प्रश्नकर्त्यांना: गणपतीच्या सुमारास तळ्यात मरळीची पिल्लं असतील. पाण्यावर नारिंगी-लालसर ठिपक्यांचा घोळका एकत्र सरकताना दिसतो आणि खाली आईबाप राखण करत असतात. त्या घोळक्यात फ्रॉग टाकला की हमखास फटका येतो, कारण ते भुकेने नाही, पिल्लं वाचवायला हल्ला करतात. तिथे टाकू नका. राखणारा मासा काढलात की बाकीचे मासे तासाभरात सगळा घोळका खाऊन टाकतात.

गरीवाला_दापोली

पकडून लगेच परत सोडला तर? मरळ हवेवर जगते, दोन मिनिटं बाहेर राहिली म्हणून काही बिघडत नाही तिचं.

खाडीकाठची

तिचं बिघडत नाही हो, पिल्लांचं बिघडतं. तुम्ही फोटो काढत असता तेवढ्या वेळात तिलापिया जेवून जातात. बाकी तळं मोकळं आहे की टाकायला.

बांधावरचो

बाई बरोबर बोलतत. पण मगे चढणीच्या माशांचा काय? पयल्या पावसात मासो अंडी घालूक शेतात चढता, तेवा अख्खो गाव कोयनी (सापळे) लावन आणि पाग (जाळा) घेवन उभो. तेका कोण काय बोलत नाय. आमचीच परंपरा म्हणान.

खाडीकाठची

बोलायला हवंच. माझ्या माहेरीही वलगणीचे (चढणीचे) मासे म्हणजे सण असतो, आणि पहिल्या पावसात आजही घरोघर तेच कालवण असतं. पण आजोबांच्या काळात हाताने आणि टोपलीने धरायचे. आता नायलॉनच्या बारीक जाळ्याने अख्खा वहाळ अडवतात, काही ठिकाणी तर विजेचा शॉक देतात. परंपरा टोपलीची होती, शॉकची नव्हती. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे भांडण नको.

गरीवाला_दापोली

ठीक, पिल्लांच्या घोळक्याबाबत माघार. यापुढे तिथे टाकणार नाही.

सुकती_भरती

त्याच दिवसांत कमळपक्ष्यांची घरटीही पानांवरच असतात, अंडी अगदी उघड्यावर आणि नर उबवत बसलेला. वल्हेकरींनी माशाकडे होडी न्यायला सांगितलंय ते बरोबर, पण पक्षी एकाच जागी घिरट्या घालत ओरडायला लागला तर त्या बाजूने होडी घालू नका, त्या पट्ट्यात टाकूच नका.

चाकरमानी_कुडाळवाला

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. हेवी रॉड आणि ५० पौंडी लाइन मागवतो. पिल्लांचं आणि पक्ष्यांचं लक्षात ठेवतो. परवानगीचं काय असतं? तळं कुणाच्या मालकीचं हे गावात कुणालाच धड सांगता येत नाही.

वल्हेकरी

आधी ग्रामपंचायतीत विचारा. बरेच तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तसं असेल तर त्या संस्थेच्या माणसाला भेटा. गळाने एखादा मासा काढणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, पण न विचारता होडी उतरवली की वाद होतो, आणि तो व्हायलाही हवा, त्यांनी त्यात बीज सोडलेलं असतं. पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलैची बंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी आहे, तिचा तुमच्या तळ्याशी संबंध नाही.

तळं देवाचं असेल तर विषयच सोडा. धामापूरला भगवती मंदिराला लागून तलाव आहे, १५३० सालचा, २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. तिथे होडीत बसून पाणी बघा, रॉड घरी ठेवा. गावोगावची छोटी देवतळीही तशीच.

खाडीकाठची

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) असतो. गमबूट घाला. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरलो होतो हे आठवणीने सांगा.

चाकरमानी_कुडाळवाला

शेवटचा प्रश्न. हेवी रॉड बहुतेक एकसंध मिळतायत, सात फुटी. गणपतीच्या गर्दीत कोकण रेल्वेच्या जनरल डब्यातून हा न्यायचा कसा?

गरीवाला_दापोली

दोन तुकड्यांचा घ्या. हेवीतही मिळतात, थोडं शोधावं लागतं. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप कापून दोन्ही टोकांना झाकण, आत जुन्या कापडात गुंडाळलेला रॉड, आणि पाइप सीटखाली आडवा. वरच्या फळीवर ठेवू नका, चिपळूणपर्यंत त्यावर कुणाचं तरी पोतं येतंच.

बांधावरचो

नायतर रिकाम्या हातान येवा. बांबू माझ्याकडे आसा, होडी तुझ्या भावाकडे. बेडूक मात्र तुझो तो रबराचोच हाड, माका बघूचो आसा मरळ तेका खाता काय ता.